उंदीर नसलेलं घर

पेडगाव, रानातल्या आखाड्यावरून
मार्गशीर्ष

प्रिय सुमन,

कागदाला लिंबाच्या धुराचा वास येईल, नाक मुरडू नकोस. लिहून झालं की मीच तो धुरावर धरणार आहे, का ते पुढे कळेल. आधी एक कर. हे पत्र एकटीनं वाच आणि शेवटपर्यंत वाच. सोमवारी भाऊजी छकडा घेऊन तुला आणि बाळाला न्यायला येणार आहेत. त्याच्या आत तुझं वाचून व्हायला हवं, म्हणून टपालावर न सोपवता आश्रुबाच्या हाती देते आहे. तो आपल्या रानात मेंढ्या बसवायला आला होता, उद्या घोंगड्या घेऊन परभणीच्या बाजाराला निघतो. पत्र तुझ्याच हातात द्यायचं, तुझ्या आईच्या नाही, वडिलांच्या नाही, असं त्याला बजावलं आहे.

आता पहिली गोष्ट. ती तुझ्या कानावर आलीच असेल, अशा गोष्टीला पेडगावाहून परभणीला जायला गाडी लागत नाही. पाळणा मी जाळला. खरं आहे. मामंजींच्या वडिलांनी करून घेतलेला, पोपट कोरलेला सागवानी पाळणा, ज्यात हे वाढले आणि भाऊजी वाढले, तो मी परसात ओढत नेला, वर घासलेट ओतलं आणि काडी लावली. कुणी तुला सांगेल की मनकर्णा तेव्हा हसत होती. ते खोटं. कुणी सांगेल की रडत होती. तेही खोटं. मला फक्त घाई झाली होती. आता गावात काय बोलतात ते तू न ऐकताही ओळखशील. लग्नाला इतकी वर्षं झाली, थोरल्या सुनेची कूस उजवली नाही, धाकटीला मुलगा झाला, आणि मुलगा घरी यायच्या तोंडावर थोरलीनं पाळणा जाळला. गोष्ट इतकी सरळ जमते की मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकली असती तर माझाही विश्वास बसला असता.

एका जागी बसवत नाही गं. दोन ओळी लिहिते, उठते, ज्वारीवरची पाखरं हाकलून येते, पायाचे घोटे निरखून बघते, अंथरूण पुन्हा झटकते, पुन्हा बसते. आश्रुबा बांधावर चिलीम ओढत बसलाय आणि मधूनच विचारतोय, “बाई, झालं का न्हाई लिव्हून? लय मोठं लिव्हायलाव तुमी.” त्याला म्हटलं, होतंय. पण सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. एकदम सांगितलं तर तुलाही ते वेड्या बाईचं बोलणं वाटेल, घरात सगळ्यांना वाटलं तसं. म्हणून जरा मागून येते. तुला माझी सवय आहे. मी साधी वांग्याची भाजी कशी केली ते सांगतानाही रोप लावल्यापासून सांगते, असं तूच चिडवायचीस.

तू नवी नवरी होऊन आलीस तेव्हा सासूबाईंनी तुझ्या हाती काय दिलं ते आठवतं का? इतर घरांत सुनेच्या हाती दुधाचं भांडं देतात. आपल्या घरात तुला काठी मिळाली. भिंतीच्या बुडाला ठोकत ठोकत सगळं घर फिरायचं आणि कुठं पोकळ आवाज येतो ते सांगायचं. तू परभणीच्या कापडवाल्या किशनरावांची लेक, तुला हसूच आवरेना. तू म्हणालीस, आमच्या दुकानात उंदीर खुशाल फिरतात, बाबा म्हणतात गणपतीचं वाहन आहे, असू द्या. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले, आता काय होतंय म्हणून. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “गनपती आला तर आत यावा, पाट मांडीन. वाहन भाईर बांधायचं.” तेव्हापासून तू मुकाट्यानं ठोकायला लागलीस, आणि न्हाणीच्या मागचं बीळ तूच शोधलंस. मला ते मेलं कधी सापडलं नव्हतं.

मग वर्षभर तू सगळं बघितलंस. उन्हाळ्यात घरातलं सगळं बाहेर. ज्वारी माळवदावर वाळवायची, दाताखाली कडकन फुटली की मगच कणगीत. खाली लिंबाचा पाला, मधे पाला, वर पाला, आणि तोंड शेणानं लिंपून बंद. सोंडेकिडे झाले तर सासूबाई धान्याला नाही, भरणाऱ्याला बोलायच्या. डाळीला एरंडेल चोळायचं काम तुझं, कारण तुझे हात शहरातले, मऊ. बाजा उन्हात उलट्या टाकून सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतायचं काम माझं, कारण ढेकूण बाहेर पडले की तू किंचाळून गल्ली गोळा करायचीस. मृगाच्या आधी तुळयांना बिब्ब्याचं तेल, उदई-वाळवी लागू नये म्हणून. सासूबाईंनी शंभरदा सांगितलं होतं की हाताला खोबरेल लावून मग कुंचा धर, आणि तू त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसलास! तुझं तोंड असं सुजलं की भाऊजी दारातून परत फिरले, पाहुणी कोण आली म्हणून. मी तीळ-खोबरं वाटून तुझ्या तोंडाला लेप देत होते आणि आपण दोघी इतक्या हसत होतो की लेप डोळ्यात जायचा. मला वाटतं आपलं जावांचं नातं त्या दिवशीच मागं पडलं. मला बहीण नाही. त्या दिवसापासून आहे.

पावसाळ्यात दिवेलागणीला खोलीखोलीत लिंबाचा धूर, डोळे चुरचुरले तरी चालतील. सरपण आत आणताना एकेक लाकूड आपटून, विंचवासाठी. गुळाचं मडकं पाण्याच्या परातीत, मुंग्यांसाठी. आणि भाद्रपद सरला, घट बसायचे दिवस जवळ आले की पुन्हा ती काठी. कारण रानात सुगी सुरू झाली की रानातले जीव घराकडे वळतात. प्रत्येक भोकात काचांचा चुरा, त्यावर बाभळीचे काटे, त्यावर चिखल, त्यावर सारवण. कणग्या दगडांवर उचललेल्या. रात्रीचं खरकटं घरात ठेवायचं नाही. दोन मांजरी, आणि त्यांना दूध अर्धपोटी, म्हणजे त्यांचं कामात लक्ष राहतं. मुंग्या, झुरळं, सोंडे, ढेकूण यांच्यावर सासूबाई नुसत्या चिडायच्या. उंदराशी मात्र त्यांचा दावा होता.

का, ते त्यांनी तुला सांगितलं नसेल. मलाही एकदाच सांगितलं, डाळ निवडताना, सुपातून नजर वर न करता. हे लहान होते तेव्हा गावात प्लेगाचे उंदीर मरून पडले. उंदीर पडायला लागले की घराला कुलूप घालून माळावर झोपड्या घालायच्या, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. पण घरात सुगीचं धान्य नुकतंच आलेलं, ते टाकून जायला कुणाचं मन होईना. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तेवढ्यात यांच्या पाठची बहीण, कासी, तापानं फणफणली. काखेत गाठ आली. झोपडी उभी होईस्तोवर पोर गेली. त्यानंतर सासूबाईंनी ती काठी हातात घेतली आणि मरेपर्यंत खाली ठेवली नाही. त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक सांगून ठेवलं, “आपल्यात कधी पडलाच तर हात लावायचा न्हाई. मान्सं गोळा करून दावीत बसायचं न्हाई. त्याच्या अंगावरच्या पिसवा धावत्यात. जितं पडला तितं, ज्याच्यावर पडला त्याच्यासकट जाळायचा. येळ लावायचा न्हाई.” मी हो म्हटलं. आपल्या घरात कधी पडेल असं मला वाटलंच नव्हतं.

सासूबाई गेल्यावर त्यांचं सगळं मीच चालवलं, तू होतीसच बरोबर. गावात आपल्या घराचं नाव झालं. मामंजी पारावर बसून सांगायचे, या दत्तरावाच्या घरात उंदीर दाखवा आणि मागाल ते न्या. त्यांना बायकोची आठवण काढायला दुसरा रस्ता सापडला नाही, म्हणून मला त्या बढाईचा कधी राग आला नाही. पण एक फरक आहे सुमन, तो मला आता कळतोय. सासूबाईंना उंदीर आला तर काय करायचं ते माहीत होतं. मामंजींना फक्त उंदीर येत नाही एवढंच माहीत आहे.

पुन्हा उठून आले. काही नव्हतं, गवताची काडी टोचली पायाला.

बारशाचं सांगायचं राहिलं, आणि ते सांगायलाच हवं. मी किती हौसेनं आले होते तुला माहीत आहे. झबलं, टोपडं, मण्यांचं वाळं, सगळं पदराखाली झाकून आणलं होतं. मी ओसरीवर पाय ठेवला आणि तुझ्या आईनं बाळाला आत नेलं, दूध पाजायची वेळ झाली म्हणून. परत आणलं तेव्हा बाळ झोपलं होतं, आणि झोपलेल्या बाळाला कुणी उचलत नाही. तुझी आई, बायनाबाई, माणूस वाईट नाही. चहा दोनदा दिला. मला रागही आला नाही. म्हणजे आला, स्टेशनापर्यंत आला, मग गाडी आली. त्यांच्या पोटातली भीती मला कळते. मूल नसलेल्या बाईची नजर लागते असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं असेल, त्यांच्या आईला तिच्या आईनं. तू दारात येऊन माझा हात धरलास आणि काहीच बोलली नाहीस. ते बरं केलंस. बोलली असतीस तर मी तिथंच रडले असते. हेवा वाटला नाही असं मी म्हणणार नाही. वाटतो. पण तो तुझा नाही आणि आपल्या बाळाचा, बन्सीचा तर नाहीच. तो नुसता वाटतो, ऋतूसारखा येतो आणि जातो.

आणि मग ठरवलं की पेडगावला येईल तेव्हा तर तो माझ्याच, त्याच्या मोठ्या मायच्या घरात असेल, मग कोण अडवतंय. तेव्हापासून पाळण्याच्या मागे लागले. आतल्या खोलीच्या फळीवरून खाली उतरवला. सांध्यात ढेकूण दडू नयेत म्हणून उकळतं पाणी, मग ऊन, मग जवसाचं तेल. चारही दोऱ्यांना वर, कडीपाशी, एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या, म्हणजे मुंगी उतरू शकत नाही. उशीत वेखंड शिवलं. खाली घालायला तुझ्या पहिल्या सणाच्या लुगड्याची मऊ गोधडी केली. हे एकदा म्हणाले, “राजाचा गड बांधायलीस का पाळना?” मी म्हटलं, गडच आहे.

पण यंदा कापूस आतल्या खोलीत होता, सुमन. दरवर्षी गोठ्याच्या बाजूला असतो. यंदा पीक उदंड आलं आणि मामंजींनी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गंज लावली, बाहेर दव लागतं म्हणून. सासूबाई असत्या तर कापसाचं एक बोंड आत आलं नसतं. मी बोलून बघितलं, वाद घातला, शेवटी गप्प बसले. गल्लीतल्या दोन-तीन घरांच्या गोण्याही जागा नाही म्हणून आपल्याकडेच आल्या. दत्तरावाच्या घरात उंदीर नाहीत ना, मग कापूस कुरतडायची भीती नाही. घराच्या नावलौकिकानंच घरात बाहेरचा माल आणला. दार कितीही लिंपलं तरी गोणी आपण स्वतः आत उचलून आणली, तर काठीनं ठोकून काय कळणार?

त्या दिवशी सकाळी मी गोधडीखाली घालायला लिंबाचा ताजा पाला घेऊन गेले. पाळणा टांगून झाला होता, वर धुतलेलं धोतर झाकलेलं. धोतर काढलं. मधोमध, बाळाला ठेवायचं तिथं, उंदीर मरून पडला होता. मांजरानं धरलेला नव्हता, कुठं दात नव्हता, जखम नव्हती. तोंडाशी रक्ताचा ठिपका. आणि मी वाकले तशा गोधडीवर पिसवा उडाल्या.

पुढचं तुला सांगितलंच. हात लावला नाही, हाक मारली नाही, सासूबाईंचा शब्द तंतोतंत पाळला. दोऱ्या विळ्यानं कापल्या, पाळणा दोरांनीच ओढत परसात नेला आणि जाळला. गोधडी, उशी, उंदीर, पोपट, सगळं. मग अंगावरच्या लुगड्यासकट कढत पाण्यानं न्हाले. आणि न्हाऊन बाहेर येते तो परसात माणसं जमलेली. मामंजी त्या राखेसमोर उभे. मी सांगितलं काय ते. ते सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाले, “उंदीर? नर्मदेच्या घरात? दाव मला.” मी राखेकडे बोट केलं. “राख दावतीस व्हय मला?” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. दाखवायचं नाही असं सासूबाईंनी सांगितलं होतं आणि मी दाखवायला काही ठेवलंच नव्हतं. मी म्हटलं, घर सोडायला हवं, माळावर जाऊ, निदान बाळाला आत्ता आणू नका. मामंजी म्हणाले, “पोटी न्हाई म्हनून दुसरीच्या लेकराच्या...” आणि तिथंच थांबले. वाक्य पुरं केलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते. भाऊजी जमिनीकडे बघत होते. मग मामंजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, “सोमवारीच गाडी जाईल. आनतो माझ्या नातवाला माझ्या घरी, बगतो कोन काय करतंय.”

मी तशी गप्प बसणारी नाही. दुपारी कोंडाबाईकडे गेले. आपल्याकडे ठेवलेल्या गोण्यांपैकी एक तिची. पुष्कळ आढेवेढे घेतले तिनं, मग मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, “आमच्यात बी पडलेत बाई. दोन आढ्याखाली मेलेले सापडले. पन बोलायचं न्हाई म्हनलेत आमच्यात. तालुक्याला कळलं तर गाव उठिवतील, टोचाया येतील, आन् कापूस तसाच ऱ्हाईल रानात. मी सांगितलं म्हनू नकोस, तुला तुझ्या सौभाग्याची आन हाय.” शपथ घातली, आता मी काय करू? आपल्या दाराशी येऊन कोंडाबाई हे कधीच कबूल करणार नाही. गाव उठेल सुमन, नेहमीच उठतं, पण पहिलं माणूस आजारी पडल्यावर. सोमवारच्या आत उठणार नाही.

मग मी माझी दोन लुगडी उकळून घेतली आणि इथं आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, राहायला आले. मामंजींनाही बाहेर काढायचा प्रयत्न रोज चालू आहे. रोज भाकरी घेऊन जाते, ओट्यावर ठेवते, बाहेरूनच ओरडते की अंथरूण तरी अंगणात टाका. काल पाहिलं तर बाज अंगणात होती. बायकोच्या घरावर विश्वास ठेवून मेले तर मी सासूबाईंना काय तोंड दाखवू? आणि हे... यांनी त्या दिवशी माझी बाजू घेतली नाही. वडिलांसमोर ते कधी बोललेत? पण दिवेलागणीला घोंगडी खांद्यावर टाकून इथं आले, ती झटकली, लिंबाच्या धुरावर धरली, आणि माझ्या शेजारी अंथरली. इतक्या वर्षांत मला असं काही मिळालं नव्हतं.

आता कशासाठी लिहिते आहे ते ऐक. तुला वाटलं असेल, मनकर्णा स्वतःची बाजू मांडते आहे, सुमननं सगळ्यांना खरं काय ते सांगावं म्हणून. तसं अजिबात करू नकोस. उंदराचं नावही काढू नकोस. तू उंदीर म्हणालीस की भाऊजी म्हणतील आपल्या घरात उंदीरच नाही, तुझे वडील सरळ माणूस, व्याह्यांच्या शब्दापुढे मान तुकवतील, आणि तू बाळाला घेऊन छकड्यात बसशील. पुरुषांना पटवायला पुरावा लागतो आणि तो मी जाळला. पण तुझ्या आईला पुरावा लागत नाही. तिला एवढंच सांग की गावात बोलतात ते खरं आहे, थोरल्या जावेनं हेव्यानं पाळणा जाळला, मला त्या घरात बाळाला घेऊन जायची भीती वाटते. आणि रड. तुला येतं छान. मग दहा छकडे आले तरी बायनाबाई नातवाला उंबऱ्याबाहेर सोडणार नाही, हे मी तिच्या ओसरीवर बसून शिकून आले आहे. भाऊजी चिडतील, चिडू दे. ते आले की आधी जावयाचा मान म्हणून अंगणातच कढत पाण्याची आंघोळ घाल, वडिलांच्या दुकानातलं नवं धोतर-सदरा दे, आणि अंगावरचे कपडे उकळायला टाक. छकड्यातली गोधडी घरात येऊ देऊ नकोस. जमलं तर त्यांनाही ठेवून घे. नवी झबली शिवून तयार आहेत, पण तीही त्याच घरात शिवली, म्हणून पाठवत नाही. माझं नाव स्वच्छ करायची घाई करू नकोस, चैत्रात उन्हं तापली आणि उंदीर पडायचे थांबले की मग बघू. तेव्हा ये. त्याला एकदा उचलून घ्यायचं तेवढं माझं राहिलंय, ते चैत्रापर्यंत राहू दे. पत्र वाचून झालं की चुलीत घाल. आणि सोमवारी छकडा दारात उभा राहिला की बन्सीला मांडीवर घे, गालावर काजळाची तीट लाव, चांगली मोठी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण की पेडगावच्या मोठ्या मायची नजर माझ्या लेकराला न लागो. मोठ्यानं म्हण, सुमन. मी इथं आखाड्यावर बसून ऐकते आहे असं समज आणि म्हण.

तुझीच, आणि त्याचीही,
मनकर्णा